झुंबरात एलईडी लावले आणि दिवे लुकलुकायला लागले – डिमरबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉलमध्ये सहा दिव्यांचं झुंबर, आधी त्यात ६० वॉटचे पिवळे कँडल बल्ब होते आणि भिंतीवर उजेड कमी-जास्त करणारा ४०० वॉटचा गोल नॉबवाला डिमर, सगळं वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललं. आता बल्ब काढून ५ वॉटचे एलईडी कँडल लावले तर नॉब कमी केला की दिवे फडफडतात, मध्यावर आणला की गुणगुण आवाज येतो, आणि बंद केल्यावरही रात्री अंधारात बल्ब मंद पेटलेले दिसतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो एलईडीला डिमर चालतच नाही, शेजारचे काका म्हणतात पंख्याचा रेग्युलेटर बसवून टाका. शिवाय दुसऱ्या फ्लॅटचं पीओपीचं काम लवकरच सुरू होतंय तर तिथे काय करावं, आणि डिम केल्याने वीज खरंच वाचते का.

मी लाइटिंगचीच कामं करतो, घरं, हॉटेलं, सोसायटीचे हॉल, आणि नाटकाच्या दिव्यांचंही काम करतो, त्यामुळे डिमर रोज हातात असतो. तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले घेऊ नका. एलईडी डिम होतात आणि फार छान डिम होतात, पण डिमर आणि बल्बच्या आतला ड्रायव्हर (एलईडीला लागेल तसा करंट देणारं सर्किट) हे एकमेकांसाठी बनलेले असावे लागतात. पिवळ्या बल्बच्या काळात ही अट नव्हती म्हणून आपल्याला सवय लागली की प्लेट आणायची, बसवायची, झालं. आता आधी दिवा आणि ड्रायव्हर ठरवायचा, मग त्याला चालणारा डिमर शोधायचा, हा क्रम उलटा केला की तुमच्यासारखं होतं.

आधी तुमचा जुना डिमर आत काय करतो ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. आपला सप्लाय २३० व्होल्ट ५० सायकलचा, म्हणजे व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं आणि प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. लाट सुरू झाली की तो लगेच चालू होत नाही, थोडा थांबतो, मग चालू होतो आणि लाट पुन्हा शून्यावर आली की आपोआप बंद पडतो. किती थांबायचं ते तुमचा नॉब ठरवतो. नॉबच्या मागे एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, हळूहळू चार्ज होतो, त्याच्यावर साधारण ३० व्होल्ट आले की डायॅक नावाचा छोटा पार्ट एकदम चालू होतो आणि ट्रायॅकला ठिणगी देतो. नॉब कमी केला की चार्ज व्हायला वेळ लागतो, ट्रायॅक उशिरा चालू होतो, बल्बला लाटेचा छोटा तुकडाच मिळतो. तुकडा छोटा म्हणजे उजेड कमी. लाटेचं पुढचं टोक कापलं जातं म्हणून याला लीडिंग एज डिमर म्हणतात, आणि आपल्याकडच्या जुन्या मॉड्युलर प्लेटमध्ये जे डिमर आहेत ते जवळपास सगळे हेच.

भिंतीतल्या स्विचच्या जागेत बसणारा असा इलेक्ट्रॉनिक डिमर अमेरिकेत जोएल स्पिरा यांनी १९५९ मध्ये बनवला, आणि १९६१ मध्ये लुट्रॉन कंपनी सुरू केली. त्याआधी उजेड कमी करायचा तर बल्बच्या आधी मोठा रेझिस्टन्स टाकायचे, म्हणजे जो उजेड नको तेवढी वीज उष्णता करून वाया घालवायची. आपल्या जुन्या पंख्यांचे ते काळे डबडे रेग्युलेटर आठवत असतील ना, पाच पॉइंटवाले, एक-दोनवर ठेवला की हात लावला तर चटका बसायचा, तोच प्रकार. थिएटरात तर मिठाच्या पाण्याच्या बरण्यांमध्ये धातूच्या पट्ट्या वरखाली करून दिवे डिम करायचे, चांगलंच धोकादायक काम होतं ते. मग डिमरस्टॅट आला, तो इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये बघितला असेल, वर मोठं गोल चाक आणि आत तांब्याच्या तारेचं जड वेटोळं. तो वीज वाया घालवत नाही, लाटही कापत नाही, अख्खी लाटच लहान करतो, आवाज नाही काही नाही, पण घराच्या भिंतीत तो कसा बसवणार.

आता मुद्द्याचं. पिवळा बल्ब म्हणजे नुसती टंगस्टनची तार. तिला कापलेली लाट द्या, अख्खी द्या, ती तापते आणि उजेड देते, आणि १० मिलिसेकंदांत ती थंड होत नाही म्हणून मधला खंड डोळ्याला दिसतही नाही. शिवाय ती तार सतत करंट जाऊ देते आणि ही गोष्ट डिमरला फार लागते. तुमच्या डिमरच्या मागे दोनच वायरी आहेत बघा, एक फेज आत येतो आणि एक बल्बकडे जातो. न्यूट्रल तिथे नाहीच. म्हणजे डिमरच्या आतल्या त्या टायमिंगच्या सर्किटला स्वतःसाठी जो करंट लागतो तो बल्बमधूनच फिरून यावा लागतो. पिवळा बल्ब तो मुकाट जाऊ देत होता.

एलईडी बल्बमध्ये मात्र तळाशी ड्रायव्हर असतो, डायोडचा ब्रिज, बऱ्याचदा एक कपॅसिटर, आणि करंट स्थिर ठेवणारी आयसी. हा ब्रिज लाटेच्या फक्त वरच्या भागात करंट ओढतो, बाकी वेळ दार बंद. डिमरला टायमिंगचा करंट कधी मिळतो कधी मिळत नाही, त्यामुळे ठिणगी एका लाटेला लवकर पडते, दुसऱ्या लाटेला उशिरा. त्यात ट्रायॅक चालू राहायला कमीत कमी काही करंट वाहता लागतो, तो नसला तर लाट संपायच्या आधीच तो सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. तुम्हाला दिसणारी फडफड ही आहे.

आणि तुमच्या केसमध्ये तर आकडेच बोलतात. आधी सहा बल्ब गुणिले ६० म्हणजे ३६० वॉट, ४०० च्या डिमरला एकदम योग्य. आता सहा गुणिले ५ म्हणजे ३० वॉट. डिमरला जास्तीत जास्त लोड असतो तसा कमीत कमीही असतो, जुन्या ट्रायॅक डिमरवर बऱ्याचदा ४० किंवा ६० वॉट मिनिमम लिहिलेलं असतं, प्लेटच्या मागे बारीक अक्षरात. तुम्ही त्याच्या खाली गेलात. डिमर बिघडलेला नाही, त्याला पकडायला लोडच उरलेला नाही.

हे पटवून घ्यायला एक सोपी तपासणी आहे. मेन बंद करून झुंबरातला एक एलईडी काढा आणि त्या जागी जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब लावा, बाकी पाच एलईडी राहू द्या. मग नॉब फिरवून बघा. फडफड थांबली किंवा एकदम कमी झाली तर कारण लोडचंच आहे, शंभर टक्के. एवढं करूनही पाच एलईडी तसेच नाचत असतील तर ते बल्ब बहुधा डिमेबलच नाहीत, म्हणजे डिमरवर चालण्यासाठी बनवलेलेच नाहीत. ही नुसती तपासणी आहे हं, तो पिवळा बल्ब कायमचा ठेवू नका, नाहीतर एलईडी लावून काय मिळवलं. लोड कमी पडतो तिथे लावायला छोटे लोड करेक्टर मिळतात, दिव्याच्या समांतर बसतात, बल्ब डिमेबल असतील तर त्याने काम होऊन जातं.

डिमेबल या शब्दाकडे मात्र नीट लक्ष द्या, खोक्यावर तो स्पष्ट छापलेला पाहिजे. आपल्याकडचा साधा एलईडी बल्ब घेतलात तर त्याच्यावर बऱ्याचदा १०० ते ३०० व्होल्ट अशी रेंज असते आणि कंपन्या ती अभिमानाने छापतात, आणि बरोबरच आहे, गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज कुठल्या कुठे जातं. पण याचा अर्थ काय झाला? त्या ड्रायव्हरला शिकवलंच आहे की व्होल्टेज कितीही खालीवर होऊ दे, उजेड हलू द्यायचा नाही. असा बल्ब डिमरस्टॅटवर लावून व्होल्टेज २३० वरून हळूहळू खाली आणत गेलं तर १५० ला उजेड तेवढाच, १२० ला तेवढाच, आणि मग कुठेतरी खाली एकदम टपकन बंद. तुम्ही डिमरने उजेड कमी करायला बघता आणि ड्रायव्हर जीव तोडून तो टिकवायला बघतो. डिमेबल बल्बचा ड्रायव्हर वेगळा असतो, लाट किती कापली आहे ते तो ओळखतो आणि त्या हिशोबाने एलईडीचा करंट कमी करतो. म्हणून तुमच्या इलेक्ट्रिशियनचा अनुभव खोटा नाही, बाजारातल्या सर्वसाधारण एलईडीला डिमर चालत नाहीच, पण त्यावरून सगळ्या एलईडीबद्दल बोलणं चूक.

गुणगुण कुठून येते तर ट्रायॅक लाटेच्या मध्यावर चालू होतो तेव्हा व्होल्टेज शून्यावरून थेट शिखरावर उडी मारतं, २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट असतं. नॉब मध्यावर असताना ही उडी सगळ्यात मोठी, म्हणून आवाज मध्यावरच जास्त. त्या धक्क्याने डिमरमधली चोकची कॉइल, ड्रायव्हरमधले पार्ट थरथरतात. ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर असेल तर तो त्या क्षणी मोठा करंट खेचतो, सेकंदाला १०० वेळा. म्हणूनच ४०० वॉटच्या लीडिंग एज डिमरवर ४०० वॉटचे एलईडी कधीही लावू नका, बऱ्याच डिमरवर एलईडीचं रेटिंग वेगळं आणि खूप कमी दिलेलं असतं, १०० वॉटच्या आसपास. ते बघायचं, मोठा आकडा बघायचा नाही.

बंद केल्यावर मंद पेटलेले राहतात त्याची कारणं दोन-तीन असू शकतात. डिमरमध्ये किंवा स्विचमध्ये इंडिकेटरचा छोटा दिवा असेल तर त्याचा करंट झुंबरातूनच फिरतो, पिवळ्या बल्बला तो जाणवायचाही नाही पण एलईडी तेवढ्यावर मिणमिणतो. डिमरमधल्या नॉइज फिल्टरच्या कपॅसिटरमधूनही तसाच बारीक करंट गळतो, काही डिमर तर नॉब शेवटपर्यंत नेला तरी खटकन बंद होणारे नसतातच. तिसरं कारण जास्त गंभीर आणि आपल्याकडे, विशेषतः जुन्या बिल्डिंगमध्ये, बऱ्यापैकी सापडतं, ते म्हणजे वायरिंग करताना स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये टाकलेला असणं. मग स्विच बंद असला तरी होल्डरला फेज जिवंतच राहतो. दिवा मिणमिणतो एवढंच नाही, बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, जवळून जाणाऱ्या वायरीमुळेही तो मंद पेटतो, इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या आणि तसं निघालं तर डिमरचा विषय बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा. तसंही नॉब बंद आहे म्हणजे लाइन बंद आहे असं कधीच धरू नका, डिमरवर काम करताना एमसीबी खाली पाहिजे म्हणजे पाहिजे.

आता काकांच्या पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल. सल्ला मनापासून दिलेला आहे आणि पिवळ्या बल्बच्या काळात लोक हे करायचेही, पण आज नको. सध्याचे स्टेपवाले रेग्युलेटर हे आतून नुसते कपॅसिटर असतात, पंख्याच्या लाइनमध्ये सिरीजला. समजा ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, ५० सायकलला त्याचा अडथळा सुमारे ९६५ ओहम. पंख्याचा स्पीड पाडायला तो पुरतो. ९ वॉटचा एलईडी बल्ब मुळात ५० ते ८० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे त्या कपॅसिटरवर पडून पडून ५० ते ७५ व्होल्ट पडणार, आणि वर सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हरला त्याचं काहीच वाटत नाही. म्हणजे उजेड कमी होणार नाही, फक्त स्टेप बदलताना ड्रायव्हरला झटके बसणार आणि बल्ब लवकर जाणार. उलटही करू नका, लाइटचा डिमर पंख्याला लावला तर मोटर घुंघुं करते, कमी स्पीडला अडकली तर तापते, आणि बहुतेक लाइटचे डिमर मोटरच्या लोडसाठी बनवलेलेच नसतात.

मग तुमच्या झुंबराला काय करायचं. सहाही बल्ब डिमेबल घ्या, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. वेगवेगळे मिसळले की एक आधी विझतो, दुसरा नंतर, आणि झुंबर अर्धं आंधळं दिसतं. डिमर ट्रेलिंग एज घ्या. यात ट्रायॅकऐवजी मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, लाट शून्यापासून नीट सुरू होते आणि मागचं टोक कापलं जातं, त्यामुळे ती ३२५ व्होल्टची उडी नाही, आवाज जवळजवळ नाही, आणि मिनिमम लोडही बराच कमी, काही डिमर तर ५-१० वॉटवरही चालतात. किंमत जास्त आहे पण इथे पैसे वाचवू नका. दुकानात तो सहसा एलईडी डिमर किंवा युनिव्हर्सल डिमर म्हणून मिळेल, मागचं लेबल वाचून लीडिंग की ट्रेलिंग ते बघा, दुकानदाराला माहीत असेलच असं नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरांच्या बाजूने आहे, आपल्या बोर्डात बहुतेक वेळा शेजारी ५ अँपिअरचं सॉकेट असतंच, म्हणजे न्यूट्रल त्या बोर्डात आलेला असतो. त्यामुळे न्यूट्रल जोडायचा तीन वायरींचा डिमर मिळाला तर तोच घ्या. त्याला स्वतःचा करंट थेट मिळतो, बल्बमधून उधार घ्यावा लागत नाही, लुकलुकीचं अर्धं कारण तिथेच संपतं. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये न्यूट्रल नाही म्हणून जे काही जुगाड दाखवतात त्यांची आपल्याला बऱ्याचदा गरजच नसते.

डिमर बसवल्यावर त्याचं मिनिमम सेटिंग करून घ्या, बाजूला छोटा स्क्रू असतो किंवा बटण दाबून ठेवायचं असतं. हे फार कमी लोक करतात आणि मग म्हणतात खाली दिवे फडफडतात. एलईडी एका पातळीच्या खाली स्थिर राहत नाहीत, आणि बंद झालेला बल्ब पुन्हा पेटायला त्याच्यापेक्षा जास्त पातळी लागते, म्हणजे २० टक्क्यांना विझला तर कदाचित ३० ला पेटेल. मिनिमम अशा जागी ठेवा की नॉब पूर्ण खाली असतानाही स्विच टाकला तर सगळे दिवे एकदम पेटले पाहिजेत. हे सेटिंग रात्री करा, आणि एसी, फ्रिज, पंप चालू-बंद करूनही बघा, कारण त्याने व्होल्टेज हलतं आणि काठावर ठेवलेले दिवे तेव्हाच चुकतात.

एक तक्रार मात्र योग्य डिमर लावला तरी येते. लोक म्हणतात दिवा कमी झाला पण ती जुनी मजा नाही. बरोबर आहे त्यांचं. टंगस्टनची तार कमी तापली की उजेड पिवळ्याचा नारिंगी होत जातो, २७०० केल्विनवरून (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) २००० च्याही खाली, निरांजनाच्या उजेडाजवळ जातो. साधा एलईडी मात्र ज्या रंगाचा आहे त्याच रंगाचा राहतो, फक्त मंद होतो, आणि मंद पांढरा उजेड चेहऱ्यावर निर्जीव दिसतो. यावर उपाय म्हणजे वॉर्म डिम बल्ब, आत दोन रंगांच्या चिप असतात आणि कमी करताना तो आपोआप उबदार होत जातो. डायनिंग टेबलवर, देवघरात, गौरी-गणपतीच्या मखराला मी हेच सुचवतो. निदान ६५०० चे पांढरे बल्ब डिमरवर लावू नका, २७०० किंवा ३००० घ्या, फरक डोळ्यांना लगेच कळतो.

डोळ्यावरून आठवलं, मीटरने मोजलेला उजेड आणि डोळ्याला वाटणारा उजेड वेगळा असतो. मीटरवर २५ टक्के दिसतो तेव्हा डोळ्याला तो साधारण निम्मा वाटतो. म्हणून एखादा बल्ब १० टक्क्यांपर्यंत डिम होतो असं खोक्यावर असलं तरी तो डोळ्याला तिसऱ्या हिश्शाएवढा वाटणार. होम थिएटरला खरा अंधुकपणा हवा असेल तर १ टक्क्यापर्यंत जाणारे ड्रायव्हर शोधावे लागतात. नाटकात तर ब्लॅकआउटच्या आधीचे शेवटचे दोन-तीन टक्केच महत्त्वाचे, प्रेक्षकाचं सगळं लक्ष तिथे असतं, आणि स्वस्त एलईडी पार (PAR, स्टेजवरचा डब्यासारखा दिवा) नेमका तिथेच पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो. डीएमएक्स म्हणजे स्टेजच्या दिव्यांना कंट्रोल बोर्डवरून सूचना पाठवायची पद्धत, त्यात एका चॅनलला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या, वरच्या बाजूला त्या कळत नाहीत पण खाली प्रत्येक पायरी दिसते, म्हणून चांगल्या फिक्स्चरमध्ये डिमिंगला दोन चॅनल जोडून १६ बिट देतात. आणि हौशी ग्रुपवाल्यांना एक कळकळीची विनंती, हॉलच्या जुन्या डिमर रॅकमध्ये एलईडी पार लावू नका. तिथले डिमर १ किलोवॉटच्या हॅलोजनसाठी आहेत, एलईडी पारला थेट सरळ लाइन द्या आणि उजेड डीएमएक्सवरून कमी करा, नाहीतर भाड्याच्या लाइटचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, जाईल.

वीज वाचते का, तर पिवळ्या बल्बमध्ये फार नाही. उजेड निम्मा केला तरी तो ७० टक्क्यांच्या आसपास वीज खातच राहतो, कारण तार थंड झाली की ती जास्त करून उष्णताच देते. तिथे खरा फायदा आयुष्याचा, व्होल्टेज १० टक्के कमी दिलं तर उजेड ३० टक्के कमी होतो पण बल्ब तिपटीहून जास्त टिकतो. एलईडीमध्ये वीज जवळपास उजेडाच्या प्रमाणात कमी होते, पण मुळात ३० वॉटचं झुंबर, त्यात महिन्याला किती रुपये वाचणार. डिमर सोयीसाठी आणि डोळ्यांच्या सुखासाठी लावा, बिलासाठी लावू नका. वीज वाचवायची ती तुम्ही ३६० वरून ३० वर आलात तेव्हाच वाचली.

इन्व्हर्टर असेल तर तेही तपासा. जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर लाटेच्या जागी चौकोनी ठोकळे देतात, आणि डिमर सगळा हिशोब शून्याला हळू येणाऱ्या लाटेवर करतो. तिथे दिवे उड्या मारतात, आवाज वाढतो. एकतर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, नाहीतर डिमरची लाइन इन्व्हर्टरवरून काढून टाका आणि बॅकअपला एक साधा बल्ब ठेवा.

आता नवीन फ्लॅट, आणि इथे मला जास्त जीव तोडून सांगायचंय कारण पीओपी बंद झाल्यावर काही करता येत नाही.

फॉल्स सिलिंगमधल्या डाउनलाइटना ड्रायव्हर बाहेर वेगळ्या डबीत असतो. विकत घेतानाच ड्रायव्हर डिमेबल आहे का आणि कुठल्या पद्धतीने ते विचारा. लाटेचं टोक कापून डिम होणारा असेल तर नेहमीच्या दोन वायरी पुरतात, वर सांगितलेला ट्रेलिंग एज डिमर लावा. दुसरी पद्धत ० ते १० व्होल्टची, यात दिव्याला २३० ची लाइन कायम पूर्ण मिळते आणि दोन बारीक वेगळ्या वायरींवरून ड्रायव्हरला सांगितलं जातं किती उजेड द्यायचा. लुकलुक, आवाज यांचा प्रश्नच येत नाही, मला घरासाठी ही पद्धत मनापासून आवडते. फक्त त्या दोन वायरी बोर्डापासून प्रत्येक ड्रायव्हरपर्यंत आधीच ओढाव्या लागतात, आणि १ ते १० व्होल्टवाल्या प्रकारात दिवा पूर्ण विझत नाही, १० टक्क्यांच्या आसपास थांबतो, बंद करायला वेगळा स्विच लागतो. तिसरी डाली (DALI), म्हणजे वायरीवरून डिजिटल सूचना पाठवायची पद्धत, तिच्या एका लूपवर ६४ पत्ते, प्रत्येक दिवा स्वतंत्र, वायरला प्लस-मायनस नाही, लांबी ३०० मीटरपर्यंत. ऑफिस, हॉस्पिटल, मोठा बंगला असेल तर उत्तम, दोन बीएचकेला गरज नाही.

कोव्हमधल्या, म्हणजे सिलिंगच्या खाचेत लपवलेल्या, एलईडी स्ट्रिपला मात्र यातलं भिंतीवरचं नॉब प्रकरण लावूच नका. स्ट्रिप १२ किंवा २४ व्होल्टची, तिला एसएमपीएस लागतो, आणि साध्या एसएमपीएसच्या आधी डिमर टाकला तर तो एकतर डिम होत नाही किंवा जळतो. डिमर एसएमपीएसच्या नंतर, म्हणजे एसएमपीएस आणि स्ट्रिपच्या मध्ये टाकायचा. हा डिमर पीडब्ल्यूएमवर चालतो, स्ट्रिप प्रचंड वेगाने चालू-बंद करतो आणि चालू वेळ कमी-जास्त करून उजेड ठरवतो. स्वस्त कंट्रोलरचा वेग कमी असतो, काहींना त्याने डोकं दुखतं, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की आडवे पट्टे सरकताना दिसतात. दुकानात उजेड अर्धा करून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून बघा, किंवा दिव्याखाली पेन जोरात हलवा, पेनाच्या तुटक तुटक सावल्या दिसल्या तर तो कंट्रोलर घेऊ नका. कन्सल्टंटशी बोलणं झालं तर आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं १७८९ हे २०१५ चं मार्गदर्शक सांगा, त्यात १०० हर्ट्झच्या लुकलुकीत उजेडाच्या चढउताराला कमी धोक्यासाठी ८ टक्के मर्यादा दिली आहे. स्ट्रिप २४ व्होल्टची घ्या, १२ व्होल्टला दुप्पट करंट लागतो आणि लांब कोव्हमध्ये शेवटचं टोक पिवळट मंद पडतं. पाच मीटरपेक्षा लांब असेल तर दोन्ही टोकांनी सप्लाय द्या.

वाय-फाय स्मार्ट बल्ब घेणार असाल तर त्या लाइनवर कुठलाही डिमर नको, तो बल्ब आतूनच डिम होतो आणि त्याला लाइन सतत पूर्ण पाहिजे. घरात आजी-आजोबा असतील तर मात्र भिंतीवरचा नॉबच बरा, फोन शोधून उजेड कमी करायला कोण बसणार.

कॉन्ट्रॅक्टरला सांगताना प्रत्येक डिमरच्या जागी खोल बॉक्स आणि त्यात न्यूट्रल मागून घ्या, नंतर विचार बदलला तरी उपयोगी येतो. दोन डिमर एका प्लेटमध्ये शेजारी शेजारी कोंबू नका, दोघंही तापतात आणि दोघांचंही रेटिंग कमी धरावं लागतं. कोमट लागणं ठीक, हात ठेववत नसेल तर लोड जास्त आहे. सगळे दिवे विकत घ्यायच्या आधी एक दिवा, एक ड्रायव्हर आणि तोच डिमर आणून साइटवर जोडून बघा, रात्री, पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत, आणि एकदा तेवढ्याच लाइनवर लागणार आहेत तितके दिवे लावूनही, कारण एका दिव्यावर न दिसलेली गोष्ट आठ दिव्यांवर दिसते. आणि ड्रायव्हर कुठे ठेवलेत ते पीओपी बंद व्हायच्या आधी फोटो काढून ठेवा. डाउनलाइटच्या भोकातून हात घालून ड्रायव्हर बाहेर ओढता आला पाहिजे, स्ट्रिपच्या एसएमपीएसला छोटी झडप ठेवा, कारण दिव्याआधी तोच जातो आणि मग पीओपी फोडावं लागतं.